गौरीचं अंगण

चैत्र लागला की आत्या अंगणात चैत्रांगण काढायची. शेणानं सारवलेल्या भुईवर तिच्या चिमटीतून सूर्य, चंद्र, शंख, कासव, गोपद्मं उतरायची आणि मधोमध झोपाळ्यावर बसलेली गौर. ती रेखताना आत्या दुसऱ्या एका गौरीची आठवण काढायची. तरुणपणी आत्या शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकली होती. तिथल्या शिक्षिका गौरी भंज, म्हणजे सगळ्यांच्या ‘गौरीदी’.

“आपली रांगोळी कोरडी, त्यांची अल्पना ओली,” आत्या सांगायची. भिजवून वाटलेल्या तांदळाची पातळ पिठी, त्यात बुडवलेली चिंधी. ती मुठीत दाबली की अनामिकेवरून धार ओघळते, तीच रेघ. ओली असताना ती जेमतेम दिसते, वाळली की पांढरीशुभ्र उठते. म्हणून रेघ आधी हाताला ठाऊक असावी लागते.

आपण कोजागरीला दूध आटवतो, त्याच रात्री बंगालच्या बायका उंबऱ्यापासून लक्ष्मीची पावलं आणि भाताच्या लोंब्या काढतात. व्रतांमधलं हे बायकांचं चित्रलेखन चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी ‘बांगलार ब्रत’ या पुस्तकात मांडलं. चित्रकार नंदलाल बोस यांनी तर ते थेट कलाभवनाच्या वर्गात आणलं. पूर्व बंगालातल्या सुकुमारीदेवींकडे अल्पनेचा घरंदाज हात होता; कलाभवनात त्या शिक्षिका झाल्या. तो हात पुढे गौरीदींनी चालवला.

गौरीदी नंदलालांची थोरली लेक, जन्म 1907 चा. 1927 साली कोलकात्यातल्या जोडासांकोत रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकात श्रीमती नावाची नर्तकी नाचली ती त्यांच्याच पावलांनी. पण आत्याच्या मनात ठसल्या त्या जमिनीवर बसून शिकवणाऱ्या गौरीदी. अल्पना, बाटिक, भरतकाम यांना त्यांनी कधी ‘बायकांचा विरंगुळा’ मानलं नाही. वृक्षारोपण असो की पौषउत्सव, सणाची भुई त्यांच्या विद्यार्थ्यांच्या रेघांनी जागी व्हायची. त्या रेघांत व्रतांची लोंबी होती, तशीच अजिंठ्याची कमळवेलही. तरुणपणी नंदलालांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. आपल्या डोंगरातली वेल अशी बंगालच्या अंगणात पोचली, हे सांगताना आत्याचा चेहरा उजळायचा.

संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पानं नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवली. त्यांत गौरीदी होत्या, आपले चित्रकार विनायक मासोजीही होते. सणासुदीला भुईवर वळणारा हात देशाच्या ग्रंथावरही तितक्याच सहजपणे वळला.

अल्पना दुसऱ्या दिवशी पुसली जाते. संग्रहालयात ती ठेवता येत नाही, एका हातातून दुसऱ्या हातात देता येते. गौरीदींनी आयुष्यभर ते देणं दिलं. म्हणून मला त्या चित्रकार म्हणून जितक्या थोर वाटतात, तितक्याच शिक्षिका म्हणून.

आत्या गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात मी रांगोळीऐवजी तांदळाची पिठी घेतली. चिंधी दाबली, अनामिका टेकवली. भुई नुसतीच ओली दिसत होती. तरी मी आत्याचा हात आठवत काढत राहिले. ऊन चढलं, आणि झोपाळ्यावरची गौर हळूहळू दिसू लागली.