सात महिन्यांची भावंडं

माझ्या आत्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १० नोव्हेंबर १९६३. बाबांच्या दाखल्यावर १ जून १९६४. आई तीच, वडील तेच, गाव तेच. मध्ये सात महिनेही नाहीत.

आमच्या घरात हा विनोद होता. आत्या न्यू जर्सीहून फोन करायची तेव्हा बाबांना म्हणायची, "काय रे, घाई होती का तुला?" २००६ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेची नागरिक झाल्यावर, तिने भावासाठी अर्ज भरला. तिथल्या भाषेत आय-१३०, एफ-४ वर्ग, नागरिकाचं भावंड. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. २००९ मध्ये तिकडून पत्र आलं की हे दोघं एका आईची मुलं कशी, ते सिद्ध करा. आजीने अंगठा उठवून प्रतिज्ञापत्र दिलं, गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी दिलं, आणि २०१० मध्ये अर्ज मंजूर झाला. मग पंधरा वर्षं रांगेत. आजी मधल्या काळात गेली. गेल्या वर्षी नंबर आला आणि कागद गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात पीडीएफ दोन एमबीच्या आत बसवता येणारा मी एकटाच.

१ जूनबद्दल तुम्हाला फार सांगायला नको. दर वर्षी त्या दिवशी फेसबुक उघडलं की अर्ध्या काका-मामांचे वाढदिवस असतात. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीत घ्यायला वय पुरं असल्याचं दाखवावं लागायचं, आणि पोराची जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागतो का ते बघायचे. लागला, की १ जून. ही तारीख मग दहावीच्या प्रमाणपत्रावर, नोकरीच्या कागदांवर, पॅनवर, आधारवर, पासपोर्टवर गेली. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी अशी एकाच दिवशी जन्मली आणि एकाच दिवशी, ३१ मेला, सरकारी नोकरीतून निवृत्त झाली.

बाबांचा हात कानाला लागला नव्हता. हे मला आत्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, कागदांच्या निमित्ताने, पहिल्यांदाच. शाळा शेजारच्या वाडीत होती, वाटेत ओढा. आजोबा पोरीला एकटीला पाठवायला तयार नव्हते. आजीने तोडगा काढला: धाकट्याला तिच्याबरोबर घाला, दोघं मिळून जातील. धाकटा तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. गुरुजींनी कानाचा विषय काढला नाही आणि १९७० च्या जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण होतील अशी तारीख लिहिली. दोघं दहावीपर्यंत एका वर्गात होते. "तो नसता तर मी चुलीपाशीच बसले असते," आत्या म्हणाली. म्हणजे ज्या खोट्या तारखेमुळे ती शिकली, नर्स झाली, अमेरिकेला गेली, तीच तारीख आता तिच्या भावाच्या आड येत होती.

मला मात्र या भानगडीत एक जुनी गोष्ट सारखी आठवत राहिली. ती आमच्या अगदी उलट आहे.

१८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देश बंद केला. तिथेच जन्मलेला चिनी माणूस मात्र नागरिक ठरतो, असा निकाल १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क खटल्यात दिला. नागरिकाची मुलं चीनमध्ये जन्मली तरी त्यांना येता यायचं. मग १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि शहरातल्या जन्मनोंदी जळाल्या. आता कुणीही म्हणू शकत होता की मी इथेच जन्मलो, नोंद जळाली. असा नागरिक झालेला माणूस चीनला जाऊन यायचा आणि परतताना सांगायचा, तिकडे मुलगा झाला. कधी खरंच झालेला असायचा, कधी नाही. न झालेल्या मुलाची जागा कागदावर तयार व्हायची, आणि ती विकली जायची. या मुलांना 'कागदी मुलगे' म्हणत.

सरकारला हे कळत होतं. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर या लोकांना अडकवून ठेवून प्रश्न विचारले जायचे, कधी शेकड्यांनी. घराच्या दाराला किती पायऱ्या? गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? तांदळाचा रांजण कुठे असतो? तेच प्रश्न बापाला वेगळे बसवून. उत्तरं जुळली नाहीत तर परतीची बोट. म्हणून विकत घेतलेल्या जागेबरोबर उत्तरांची वही यायची. बोटीत पाठ करायची आणि किनारा दिसण्याआधी समुद्रात फेकायची.

यातली मेख अशी की वही खऱ्या मुलांनाही लागायची. आपल्या घराच्या पायऱ्या किती, हे कुणी मोजलेलं असतं? मी आमच्या गावच्या घरात प्रत्येक मे महिना काढला आहे आणि मला सांगता येणार नाही. खरा मुलगा अडखळायचा, कागदी मुलगा घडाघडा म्हणायचा. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही टेस्ट पास होणं आणि प्रोग्रॅम बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, पण तिथे कुणाला बोटीत बसवून परत पाठवत नाहीत. १९४३ मध्ये बंदीचा कायदा गेला. १९५६ पासून सरकारने कबुलीची योजना आणली: खरं नाव सांगा, बहुधा राहू देऊ. हजारोंनी सांगितलं. पण एकाने कबूल केलं की त्याचे कागदोपत्री बाप-भाऊ सगळे उघडे पडायचे, म्हणून कित्येकांनी गप्प राहणं पसंत केलं. त्यांच्या नातवंडांची आडनावं आजही विकत घेतलेली आहेत.

त्या मुलांकडे चोख कागद होते आणि नातं नव्हतं. आमच्याकडे नातं होतं आणि कागद असा, की बघणाऱ्याला हसू यावं.

आई-बाबांचं लग्न ही त्यातल्या त्यात सोपी बाजू. ते नोंदवलेलंच नव्हतं. नोंदवायला लग्नपत्रिका लागते, आणि ती आईने ट्रंकेत जपून ठेवली होती, कोपऱ्याला हळद लावलेली. नोंदणीच्या खिडकीत ती देताना आईचा हात थोडा रेंगाळला. लग्नाला कागद लागतो हे मला तोवर आजकालचं खूळ वाटायचं, पण १४ मार्च १९१३ ला दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला होता की ज्या धर्मात अनेक बायका करायला मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न तिथल्या कायद्यात लग्न नाही. बाई मरियम नावाची स्त्री नवऱ्याकडे आली होती, तिला उतरू दिलं नव्हतं, त्यावरून हा खटला. एका निकालात तिथल्या बहुतेक हिंदू-मुसलमान बायका कायद्याच्या नजरेत बायका राहिल्या नाहीत. सप्टेंबरात कस्तुरबा सरहद्द ओलांडून तीन महिने सक्तमजुरीला गेल्या, त्याला हे मोठं कारण होतं. १९१४ च्या कायद्याने ती लग्नं मान्य झाली.

बाबांच्या जन्माचा पुरावा शोधायला मी तालुक्याला गेलो. १९७० च्या आधी जन्मलेल्या भारतीयांकडे जन्मदाखला नसू शकतो, हे अमेरिकन वकिलातही धरून चालते. मग नोंद नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. पण त्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा, गाव नमुना १४. ती बाडं अजून आहेत. तीन हेलपाटे झाले. पहिल्यांदा संबंधित माणूस रजेवर, दुसऱ्यांदा किल्ली दुसऱ्याकडे. तिसऱ्यांदा एका शिपायाने मला थेट आतल्या खोलीतच नेलं आणि कसर लागलेला गठ्ठा समोर टाकून म्हणाला, "बघा, तुमचं नशीब."

१९६३ चं बाड नव्हतंच. १९६४ मध्ये आजोबांचं नाव नाही. १९६५ च्या शेवटाकडे होतं. तारीख १९ ऑक्टोबर. बापाचं नाव, जात, लिंग पुरुष, आणि मुलाच्या नावाचा रकाना रिकामा. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल लिहून घेऊन गेला असणार. मी त्या रिकाम्या रकान्याचा फोटो बाबांना पाठवला. बराच वेळ दोन निळ्या टिकांपलीकडे काही आलं नाही. मग आलं: "म्हणजे मी दीड वर्ष लवकर रिटायर झालो."

गंमत म्हणजे ज्या कायद्याने ही भावंडांची रांग आजच्या रूपात आली, त्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ ला सही केली. बाबा त्याच्यापेक्षा सोळा दिवसांनी लहान. तोवर अमेरिकेत देशावार कोटा होता आणि आशियाला जवळजवळ दार बंद. मूळ मसुद्यात कौशल्य असलेल्यांना पहिली पसंती होती. मायकेल फीगन या ओहायोच्या खासदाराने कुटुंबाला वर आणलं. हिशेब असा की नातेवाईक गोऱ्या युरोपियनांचेच तिथे आहेत, तर येतीलही तेच. पण युरोपातून यायची फारशी कुणाला गरज उरली नव्हती. आले ते आत्यासारख्यांचे भाऊ. आता भावंडांच्या वर्गाला जगभरातून वर्षाला ६५ हजार जागा, आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये भारतातल्या २००६ च्या अर्जांची पाळी चालू होती.

तर आता बाबांच्या दोन जन्मतारखा होत्या. सगळ्या ओळखपत्रांवरची खोटी, आणि बिननावाची खरी. एका सल्लागाराने सांगितलं, कोतवालाची नक्कल दाखवूच नका, जुळणारं तेवढंच द्या. कागदी मुलग्यांना वही विकणाराही असंच सांगत असेल. मला मान्य नव्हतं, पण माझ्या अमान्य असण्याची किंमत बाबांनी भरायची होती. अजून एक वाट होती, डीएनए. तिचा इतिहासही याच खिडकीतून आला आहे. लेस्टरच्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएचे ठसे वाचायची युक्ती शोधली आणि तिचा पहिला उपयोग गुन्ह्यात झाला नाही. १९८५ मध्ये घानाहून ब्रिटनला परतलेल्या एका मुलाला अधिकारी म्हणत होते की तू हिचा मुलगा नाहीस, भाचा असशील. बाप उपलब्ध नव्हता. आई आणि तीन भावंडांच्या रक्तावरून ठरलं की ती त्याची मावशी नाही, आईच आहे. त्याआधी ब्रिटिश अधिकारी ढाक्यात बायकामुलांना वेगवेगळं बसवून एंजल बेटासारखेच प्रश्न विचारत आणि तपशील जुळला नाही की अर्ज फेटाळत. पुढे रक्त तपासलं तेव्हा त्यातली बहुतेक नाती खरी निघाली. तोवर काही मुलं अठरा ओलांडून गेली होती.

डीएनएला बाबा नाही म्हणाले. "आईने अंगठा दिलाय," एवढंच. शेवटी आम्ही दोन्ही तारखा दिल्या. कोतवालाची नक्कल, तिचं इंग्रजी भाषांतर, आत्याचा नोंद नसल्याचा दाखला आणि बाबांचं दीड पानी प्रतिज्ञापत्र, ज्यात ओढा आहे, वाडीतली शाळा आहे, कान आहे. वकील म्हणाला कान काढा. बाबांनी ठेवला.

मुलं अठरा ओलांडतात त्यावरून माझं सांगतो. २००६ च्या अर्जात मीही होतो, बाबांच्या खाली. एकविसाच्या आतला अविवाहित मुलगा आईबापांबरोबर जाऊ शकतो. अर्ज मंजूर व्हायला जितका वेळ लागला तितका वयातून वजा होतो, हा २००२ चा कायदा. रांगेत गेलेला वेळ होत नाही. माझे अठ्ठावीस वजा चार, चोवीस. अशाच एका आईची तक्रार, एल साल्वादोरची, मुलगा रांगेत एकवीस ओलांडून गेला म्हणून, २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी पडली. ज्या कायद्याने भावाला बहिणीजवळ नेलं, त्याच्याच गणिताने मुलगा बाहेर राहिला. माझ्या कागदात मात्र काही खोट नाही. पुण्याच्या महापालिकेचा जन्मदाखला, नावासकट, तारीख खरी.

आत्याचे मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले, ती एकटी आहे. बाबांचं ठरलं आहे. आईचं ठरलं आहे असं ती म्हणते. डीएस-२६० फॉर्म मीच ऑनलाइन भरला, रात्री, दोघांना शेजारी बसवून. बाबांची जन्मतारीख पासपोर्टवरचीच टाकली आणि खुलासा सोबत जोडला. मुलांच्या पानावर सगळ्या मुलांची माहिती भरावी लागते, येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची. माझं नाव, तारीख, गाव टाकलं. त्याच्याखाली प्रश्न होता, हे मूल तुमच्याबरोबर स्थलांतर करत आहे का. आई म्हणाली, "थांब जरा," आणि पाणी आणायला उठली. ती परत येईपर्यंत स्क्रीनने सेशन संपत आल्याची सूचना दिली. मी 'नाही' निवडलं आणि सेव्ह केलं.