चेटकीण, भुताळी आणि नवा वाचक

‘हडळ’ या शब्दात काना नाही, मात्रा नाही, वेलांटीही नाही. ‘डाकीण’ आणि ‘चेटकीण’ या शब्दांत जोडाक्षर नाही. ‘राक्षस’ वाचताना अडखळणारे मूल हे शब्द सहज वाचते. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींत चेटकीण सोयीची वाटते, याचे एक कारण लिपीतच आहे. परंतु सोपेपणा हा केवळ लिपीचा गुण आहे काय, हा प्रश्न पालघर जिल्ह्याच्या संदर्भात विचारला की त्याचे उत्तर गुंतागुंतीचे होते.

इंग्रजीतील विनोदी चेटकीण हे एका ऐतिहासिक अंतराचे अपत्य आहे. ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्याने चेटूक केल्याच्या आरोपावरून चालणारे खटले संपुष्टात आले. ‘मेग अँड मॉग’ हे चित्रपुस्तक १९७२ चे, ‘विनी द विच’ १९८७ चे. आरोप आणि विनोद यांच्यामध्ये तेथे सुमारे अडीच शतके उभी आहेत. मराठीत हे अंतर रंगभूमीने निर्माण केले. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, २०१८ मध्ये नव्याने आलेल्या प्रयोगात ती वैभव मांगले यांनी साकारली. पुरुष नटाने उभी केलेली ही चेटकीण पाहताना प्रेक्षागृहातील मुलाला शेजारची कोणतीही बाई आठवण्याचे कारण नव्हते.

वारली पाड्यांतील ‘भुताळी’ मात्र शेजारीच राहते. हडळ ही लोकसमजुतीप्रमाणे मृत स्त्रीचे भूत. भुताळी ही जिवंत, नावागावाची स्त्री. मूल आजारी पडते, गुरे आटतात, भगताला विचारणा होते आणि बोट एका बाईकडे वळते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने गुरांची दूध देण्याची क्षमता कमी करते असे भासवण्याच्या कृत्याचाही उल्लेख आहे. ‘भुताळी’ हा शब्द येथे केवळ कथेतील पात्राचे नाव राहत नाही. तो आरोप होतो.

याच परिसरात बालशिक्षणाचा एक मोठा प्रयोग घडला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंच्या वारशात एक ताण होता. माँटेसोरी लहान वयात अद्भुतकथांच्या विरोधात होत्या, तर ताराबाईंचे सहकारी गिजुभाई बधेका यांनी गोष्टीला शाळेच्या केंद्रस्थानी आणले होते. हा वाद सहसा कल्पनाशक्तीच्या पोषणाचा म्हणून मांडला जातो. आदिवासी पाड्याच्या संदर्भात त्याला आणखी एक परिमाण लाभते : कथेतील अद्भुत हे ऐकणाऱ्याच्या समाजात अद्भुत मानले जाते की वास्तव?

पुढे १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले. बोईसर-तारापूर परिसरात कारखाने आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वसाहतीतील मूल आणि पाड्यावरचे मूल एकाच जिल्ह्यात तीच गोष्ट वाचू शकते. एकाला झाडूवर बसलेली चेटकीण गंमतीची वाटेल. दुसऱ्याच्या मनात तो छापील शब्द ‘भुताळी’ला जाऊन भिडू शकेल. संहिता एक असली, तरी वाचन एक नसते.

म्हणून चेटकिणीवर बंदी घालावी असे नव्हे. तपासायची ती कथनरचना. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’मध्ये चेटकीण भट्टीत जळते आणि मगच मुले सुखरूप घरी परततात. संकट, अपराधी बाई, तिचा नाश आणि पुन्हा सुस्थिती, हा क्रम भगताच्या निदानाशी जुळणारा आहे. ‘विनी’मध्ये संकट चेटकिणीचे स्वतःचे आहे : काळ्या घरात काळे मांजर दिसत नाही, ती त्याला अडखळते. ती मांजराचा रंग बदलते, मांजर दुःखी होते. शेवटी ती घराचेच रंग बदलते. कोणाला हाकलावे लागत नाही.

प्रथमवाचनाच्या पुस्तकांची समीक्षा अक्षरसंख्या आणि जोडाक्षरे मोजून थांबत असेल, तर ती अपुरी आहे. मूल शब्द वाचायला शिकते तेव्हाच दोष कोणाकडे द्यायचा, हेही ते कथेच्या घाटातून शिकत असते. पालघरच्या पाड्यावर या दुसऱ्या शिकण्याची किंमत एखाद्या जिवंत स्त्रीला मोजावी लागू शकते.