दैवतांचे स्थलांतर : नदीपार आणि नभापार

डिचोली तालुक्यातील लाटंबार्से येथे बसून, अंतराळात मनुष्यवसाहत झाल्यास तेथे कोणाच्या देवाची पूजा होईल, असा प्रश्न विचारणे कोणास चमत्कारिक वाटेल. तथापि याच प्रश्नाचा ताप गोमंतकाने सोळाव्या शतकात सोसलेला आहे.

१५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली. १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. दिवाडी बेटावरील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालयही या काळात उद्ध्वस्त झाले. भाविकांनी देवाला मांडवीपार डिचोली महालात आणिले. तो मुलूख त्या वेळी आदिलशाहीकडे होता. दैवताबरोबर नार्वे हे गावाचे नावही पलीकडे रुजले. १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला.

या इतिहासाचे स्मरण एका अमेरिकन कादंबरीने करून दिले. वॉल्टर मिलर यांची ‘अ कँटिकल फॉर लिबोविट्झ’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. अणुयुद्धाने जग पुन्हा भस्म होऊ लागते, तेव्हा कॅथलिक संन्यासी मुलाबाळांसह अंतराळयानात चढतात आणि शतकानुशतके जपलेले ज्ञान दूरच्या वसाहतीकडे नेतात. धर्मपरंपरा खंडित होऊ नये म्हणून यानात बिशपांचीही योजना असते. हा प्रसंग वाचताना दिवाडीहून निघालेल्या होडीची आठवण न होणारा गोमंतकीय विरळाच. ज्यांच्या धर्मसत्तेने आम्हांस नदी ओलांडावयास लाविले, त्यांच्याच श्रद्धेला येथे निर्वासिताचे रूप आलेले आहे.

जेम्स ब्लिश यांच्या १९५८ च्या ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ मध्ये याची दुसरी बाजू दिसते. फादर रुइझ-सांचेझ हा येशूसंघीय जीवशास्त्रज्ञ लिथिया ग्रहावर जातो. तेथील रहिवासी ईश्वर जाणत नाहीत, तरीही त्यांच्यात गुन्हा नाही, कलह नाही. ईश्वरावाचून सदाचार पाहून हा विद्वान हर्षित होत नाही. हे जग सैतानाची माया असावे, असा निष्कर्ष तो काढतो. त्यांचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच निवाडा ठरतो. असे न्यायासन आमच्या पूर्वजांच्या परिचयाचे होते.

वकिलाच्या दृष्टीने येथे खरा मुद्दा अभयाचा आहे. १७८१ साली डिचोली आणि १७८८ साली पेडणे पोर्तुगीज अंमलाखाली आले, तेव्हा नव्या काबिजादीतील लोकांची देवालये व रूढी राखण्याचे अभिवचन देण्यात आले. जुन्या काबिजादीस ते लाभले नव्हते. १९६७ च्या अंतराळ करारान्वये चंद्रावर वा अन्य ग्रहावर कोणत्याही राष्ट्रास स्वामित्व सांगता येत नाही. हे योग्यच झाले. परंतु भूमीचे स्वामित्व नाकारले म्हणून तेथे राहणाऱ्याच्या देवघरास आपोआप संरक्षण मिळत नाही. ते अभय वेगळे लिहून घ्यावे लागेल, आणि तेही पहिले यान निघण्यापूर्वी. श्रद्धा पाहुणी म्हणून जाते की मालकीण म्हणून, यावर यजमानाचे भवितव्य अवलंबून असते, हे नार्व्याच्या देवळात हात जोडणाऱ्यास निराळे सांगावयास नको.