रकाना नसलेला गुण : बॉस्टन सेल्टिक्स आणि १९५६ चा सौदा

एप्रिल १९५६. अमेरिकेतील बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाने एड मकॉली हा आपला लाडका खेळाडू सेंट लुईस हॉक्सला देऊन टाकला. सोबत क्लिफ हेगन या होतकरू खेळाडूवरचा हक्कही सोडला. मोबदल्यात मिळाला तो एकही व्यावसायिक सामना न खेळलेला, नेमबाजीत बेताचाच असलेला एक तरुण : बिल रसेल. सौदा शहाणपणाचा की आतबट्ट्याचा? (थ्रेड)

आधी पद्धत समजून घ्यावी लागेल. एनबीएमध्ये नवे खेळाडू आयपीएलसारखे लिलावाने येत नाहीत. संघ पाळीपाळीने त्यांची निवड करतात. याला ड्राफ्ट म्हणतात. मागील हंगामात दुबळ्या ठरलेल्या संघांची पाळी आधी. १९५६ मध्ये पहिली पाळी रॉचेस्टर रॉयल्सची होती, दुसरी हॉक्सची. बॉस्टनने आपल्या परिसरातील महाविद्यालयाचा खेळाडू राखून ठेवण्याची मुभा वापरून टॉम हाइनसनला आधीच घेतले होते. रसेल हवा असेल तर कोणाची तरी पाळी विकत घेणे भाग होते.

प्रशिक्षक रेड आवरबाक यांचे आणि बॉस्टनकरांचे मत जुळत नसे, हेही नवे नव्हते. १९५० साली शहराला बॉब कूझी हवा होता. तो जवळच्याच होली क्रॉस महाविद्यालयाचा, चेंडू हाताळण्यात जादूगार. आवरबाक यांनी त्याला डावलून चक शेअर हा उंच खेळाडू निवडला आणि वृत्तपत्रांचा रोष ओढवून घेतला. पुढे शिकागोचा संघ बुडाला, त्याच्या तीन खेळाडूंची नावे टोपीत टाकून चिठ्ठ्या काढल्या गेल्या, आणि बॉस्टनच्या वाट्याला आला तो नको असलेला कूझीच! तो संघाचा प्राण ठरला. त्या खेपेस चाहते बरोबर होते आणि प्रशिक्षक चुकले होते, हे १९५६ च्या वादात विसरता येत नाही.

कूझी, बिल शार्मन आणि मकॉली यांचा संघ गुणांचा पाऊस पाडी. तरीही १९५४, १९५५ आणि १९५६ अशी सलग तीन वर्षे सिराक्यूजने त्याला बाद फेरीत घरी पाठवले. दुखणे उघड होते. नेम चुकून परत येणारा चेंडू, म्हणजे रिबाउंड, बॉस्टनच्या हाती पुरेसा लागत नसे. सडपातळ मकॉली हंगामाच्या अखेरीस धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांशी झुंजून थकलेला असे.

आवरबाक यांचे महाविद्यालयीन गुरू बिल राइनहार्ट यांनी त्यांना रसेलचे नाव सुचवले होते. रसेलच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने सलग ५५ सामने जिंकले होते आणि १९५५ व १९५६ ची राष्ट्रीय विजेतेपदेही. रॉचेस्टरकडे मॉरिस स्टोक्स हा उत्तम रिबाउंडर होताच. त्यांनी सिहुगो ग्रीनला घेतले. बॉस्टनचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी रॉचेस्टरला बर्फावरील नृत्याचे प्रयोग देऊ करून ही वाट मोकळी केली, अशी कथा सांगितली जाते. कथा रंजक आहे; तिच्या सत्यतेवर मात्र एकमत नाही.

मकॉलीला सोडायला ब्राउन राजी नव्हते. अडसर दूर केला तो मकॉलीनेच. त्याचा लहान मुलगा मेंदूज्वराने आजारी होता, उपचार सेंट लुईसमध्ये चालू होते आणि ते त्याचे स्वतःचे गाव होते. एका बापाची ही निकड सौद्याच्या हिशेबात क्वचितच धरली जाते.

मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन रसेल डिसेंबरमध्ये बॉस्टनला आला. पहिला सामना हॉक्सशीच झाला. त्याच्या खेळाचे मर्म असे की प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवताना तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. शक्यतो मैदानातच ठेवून सहकाऱ्याकडे वळवी. तेथून कूझीचे वेगवान आक्रमण सुरू होई. कूझीचे कसब तेच होते, आता त्याला चेंडू मिळू लागला. एप्रिल १९५७ मध्ये हॉक्सविरुद्धच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात, दोनदा अतिरिक्त वेळ खेळून, बॉस्टन १२५–१२३ असे जिंकले.

वाद संपला? नाही. १९५८ च्या अंतिम मालिकेत रसेलचा घोटा दुखावला, सहाव्या सामन्यात बॉब पेटिटने ५० गुण केले आणि हॉक्स ११०–१०९ असे जिंकून विजेते झाले. त्या संघात मकॉली होता, हेगनही होता. त्या उन्हाळ्यात सेंट लुईसच्या माणसाने ‘सौदा आम्हीच जिंकला’ असे म्हटले असते, तर त्याला खोडून काढणे कठीण होते.

त्याच वर्षीची एक विसंगती अधिक बोलकी आहे. खेळाडूंच्या मतदानाने ठरणारा हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान रसेलला मिळाला. पत्रकारांनी निवडलेल्या सर्वोत्तम पाचांत मात्र तो नव्हता, त्याला दुसऱ्या संघात बसवले गेले. ज्यांचे फटके तो अडवत होता, त्यांना त्याची किंमत कळली होती. बाकीच्यांच्या हाती आकडे होते, आणि अडवलेल्या फटक्यांची अधिकृत नोंदच त्या काळी होत नसे.

यात वर्णाचा प्रश्नही गुंतलेला होता. १९५८ चा विजेता हॉक्स संघ संपूर्ण गोरा होता. बॉस्टनने १९५० मध्येच चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूला ड्राफ्टमध्ये निवडले होते, एनबीएमध्ये तसे प्रथमच घडत होते. डिसेंबर १९६४ मध्ये आवरबाक यांनी सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. १९६६ मध्ये प्रशिक्षकपदही रसेलकडे सोपवले. संघ इतका पुढे गेला, शहर गेले नाही. बॉस्टनजवळच्या रेडिंग गावातील रसेलच्या घरात घुसून नासधूस करण्यात आली, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या गेल्या.

१९५९ ते १९६६ सलग आठ विजेतेपदे. रसेलच्या १३ हंगामांत एकूण ११. तरीही १९७२ मध्ये त्याचा ६ क्रमांक सन्मानाने निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार समारंभ प्रेक्षक आत येण्यापूर्वीच, मोजक्या सहकाऱ्यांसमोर उरकला गेला.

ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३–७४ च्या हंगामात सुरू झाली. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. एनबीएच्या दप्तरी त्याच्या नावावर २१,६२० रिबाउंड आहेत. ब्लॉकचा रकाना कोरा आहे.