क्रमवारी आणि पारख

वस्तु घेण्यापूर्वीं ती पारखून घ्यावी, हें सांगण्यास कोणा शास्त्रकाराची आवश्यकता नाहीं. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील सिहोरा हें गांव धानाच्या मुलुखांत आहे. तिकडचा शेतकरी किंवा व्यापारी धान घेतांना मूठभर दाणे तळहातावर चोळून पाहतो, एखादा दांताखालीं धरतो, आणि ओलावा किती, पोल किती, तांदूळ मोडेल कीं अखंड निघेल, याचा अंदाज बांधतो. शितावरून भाताची परीक्षा, ही आपल्या भाषेंतील म्हण त्याच्या नित्य व्यवहारांतलीच आहे. परंतु जी वस्तु चोळून, चावून किंवा वाजवून पाहतां येत नाहीं, तिची परीक्षा कशी करावी? संस्थेचे सर्व हिशेब, कर्जें, साठा आणि पगार सांभाळणारें सॉफ्टवेअर ही अशीच वस्तु होय. तिचे गुणदोष विकत घेतल्यानंतर, आणि पुष्कळदां जुन्या वह्या बंद झाल्यानंतरच, कळूं लागतात.

हा प्रश्न आतां मुंबई-पुण्याच्या मोठ्या पेढ्यांपुरता राहिलेला नाहीं. जून २०२२ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिचा खर्च २,५१६ कोटि रुपये धरण्यांत आला होता. महाराष्ट्रांतील सेवा सहकारी संस्थाही तींत आल्या. त्या योजनेंत सर्वांसाठीं एकच सामायिक सॉफ्टवेअर असल्यामुळें निवड गांवाच्या हातीं नव्हती. परंतु नागरी पतसंस्था, राईस मिल, शिक्षणसंस्था, रुग्णालय यांना ती स्वतःच करावी लागते. आणि अशा वेळीं मोठा विक्रेता जो कागद प्रथम पुढें करितो, तो बहुधा कोणा विश्लेषक संस्थेनें लावलेल्या क्रमवारीचा असतो. 'आमचा माल अग्रणींच्या चौकटींत आहे', या एका वाक्यावर मोठे सौदे ठरतात. त्या वाक्याचें वजन किती, हें ठरवावयाचें तर क्रमवारीच्या धंद्याचा इतिहास पाहिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

त्या इतिहासाचें एक ठळक पान लंडनच्या कॉफीगृहांत सांपडतें. लॉइड या नांवाच्या कॉफीगृहांत जहाजांचे विमे उतरणारे लोक जमत. जहाज दूर बंदरांत किंवा समुद्रांत, आणि विमेवाला लंडनमध्यें. तेव्हां न पाहिलेल्या जहाजाची जोखीम त्याला पत्करावी लागे. म्हणून १७६० सालीं या मंडळींनीं एक संस्था स्थापन केली आणि पुढें चार वर्षांनीं जहाजांची नोंदवही काढली. जहाजाच्या सांगाड्याची स्थिति ए, ई, आय, ओ, यू या स्वरांनीं दाखविली जाई. दोरखंड, नांगर इत्यादि सामग्रीसाठीं निराळी खूण असे, आणि पुढें तेथें आंकडे आले. उत्तम मालास 'ए-वन' म्हणण्याची रीत त्याच वहींतून जगभर पसरली.

येथवर सर्व ठीक चाललें. परंतु १७९७-९८ च्या सुमारास नियम बदलला. जहाजाची प्रत्यक्ष स्थिति बाजूस पडली, आणि तें कोठें बांधलें व किती वर्षांचें झालें, यावरच त्याची श्रेणी ठरूं लागली. थेम्स नदीवर बांधलेल्या जहाजांस त्यांत झुकतें माप मिळालें. इतर जहाजमालक खवळले, आणि १७९९ सालीं त्यांनीं आपली निराळी वही काढली. विमेवाल्यांची ती हिरवी वही, मालकांची ती तांबडी. पस्तीस वर्षें या दोन वह्या एकमेकींशीं झगडत राहिल्या. दोघींसही तोटा सोसावा लागला, आणि अखेर १८३४ सालीं त्या एक झाल्या. नव्या मंडळाच्या कारभारांत व्यापारी, जहाजमालक आणि विमेवाले या तिघांनाही जागा देण्यांत आली. क्रमवारी लावणारा कोणाच्या बाजूस बसला आहे, यावर क्रमवारीचें स्वरूप अवलंबून असतें, हा धडा त्या व्यापाऱ्यांस पस्तीस वर्षांच्या खर्चानें मिळाला.

केवळ जन्मस्थान आणि वय पाहणारा नियम किती आंधळा असूं शकतो, याचें उदाहरण आपल्या मुंबईनेंच जगापुढें ठेविलें आहे. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बोमनजी यांच्या हातून मुंबईच्या गोदींत सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही नौका तयार झाली व १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती इंग्रजी आरमाराची युद्धनौका असल्यामुळें व्यापारी वहींत तिला श्रेणी मिळण्याचा प्रश्न नव्हता. परंतु दोनशें वर्षें उलटून गेलीं, तरी ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि पाण्यावर उभी आहे. नुसतें वय पाहून निकाल देणारी कोणतीही वही तिला पहिल्या काहीं वर्षांतच खालच्या रांगेंत बसविती!

जहाजांनंतर माणसांची पाळी आली. १८३७ च्या आर्थिक संकटांत ज्याचे हात पोळले होते, त्या ल्युइस टॅपन नांवाच्या रेशीम-व्यापाऱ्यानें १८४१ सालीं न्यूयॉर्क येथें व्यापाऱ्यांच्या पतीची माहिती पुरविणारी पेढी काढली. १९०९ सालीं जॉन मूडी यानें रेल्वे-कंपन्यांच्या रोख्यांस अक्षरांच्या श्रेणी देण्यास आरंभ केला. या दोघांचेंही उत्पन्न माहिती वाचणाऱ्याकडून येत असे. १९७० नंतर मात्र रोखे काढणाऱ्या कंपनीनेंच श्रेणीचे पैसे द्यावे, अशी रीत पडली. आपल्याकडे १९८७ सालीं मुंबईंत क्रिसिल ही पहिली पतमापन संस्था निघाली, आणि तिच्यानंतर इतर निघाल्या. येथेंही हीच रीत रूढ झाली. याच मुंबईंतील आय. एल. अँड एफ. एस. या वित्तसंस्थेस २०१८ च्या जुलैपर्यंत सर्वोच्च श्रेणी होती. सप्टेंबरांत तिचीं देणीं थकलीं, आणि ती श्रेणी एकदम थकबाकीदाराच्या पायरीवर येऊन पडली. ज्यांनीं त्या अक्षरांवर विसंबून पैसा गुंतविला होता, त्यांना सावध होण्यास अवधि कितीसा मिळाला?

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रांत हें काम करणाऱ्यांत गार्टनर ही अमेरिकन संस्था अग्रगण्य आहे. गिडिअन गार्टनर यांनीं ती १९७९ सालीं स्थापन केली. तिच्या सुप्रसिद्ध आकृतींत एक चौकोन चार घरांत विभागलेला असतो. आडव्या रेषेवर विक्रेत्याची दृष्टि किती परिपूर्ण आहे हें मोजतात, उभ्या रेषेवर ती प्रत्यक्षांत आणण्याचें त्याचें सामर्थ्य. जो दोन्हींत वरचढ तो अग्रणी. उरलेले आव्हानकर्ते, द्रष्टे, आणि मर्यादित क्षेत्रांत काम करणारे. येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. या मोजणींत मालाच्या गुणांबरोबरच विक्रेत्याची आर्थिक स्थिति, विक्रीची व्यवस्था, बाजाराची समज, निरनिराळ्या देशांतील पसारा, यांनाही स्थान असतें. विक्रेता मोठा व टिकाऊ आहे काय, याचें उत्तर तींतून बरेंचसें मिळतें; आपलें काम त्याच्या हातून होईल काय, हें मात्र तींत विचारलेलेंच नसतें. शिवाय या संस्थेचे वर्गणीदार खरेदीदारही असतात आणि विक्रेतेही. आणि अग्रणी ठरलेला विक्रेता त्या अहवालाच्या प्रती वांटण्याचा परवाना पैसे देऊन घेतो. केवळ एवढ्यावरून लबाडीचा आरोप करणें अन्यायाचें होईल. पण हिरव्या आणि तांबड्या वहीची गोष्ट ज्यानें वाचली आहे, तो हें विसरणार नाहीं.

२००९ सालीं कॅलिफोर्नियांतील झेड. एल. टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीनें, आपणांस खालच्या घरांत बसवून आपलें नुकसान केलें, म्हणून गार्टनरवर दावा लाविला. गार्टनरचा बचाव असा कीं, ही क्रमवारी म्हणजे आमचें मत आहे. तें खरें कीं खोटें हें सिद्ध करतां येण्याजोगें विधान नव्हे. न्यायालयानें हा बचाव मान्य करून दावा काढून टाकला, आणि अपिलांतही तोच निकाल कायम राहिला. सर्वांत वरचे विक्रेतेच निवडा असें आम्ही कोणासही सांगत नाहीं, असें ही संस्था आपल्या अहवालांतही छापते. न्यायासनापुढें जें मत ठरलें, तेंच संचालक मंडळाच्या टेबलावर येतांच सिद्ध वस्तुस्थिति होऊन बसतें, हें नवल नव्हे काय?

क्रमवारीचे उपकारही सांगितले पाहिजेत. ती नव्हती तेव्हां निवड ओळखीनें, नात्यागोत्यानें किंवा मोठ्या नांवाच्या दबदब्यानें होई. मुंबईंत सिटीकॉर्पच्या एका उपकंपनींतून निघालेल्या आय-फ्लेक्स या कंपनीचें 'फ्लेक्सक्यूब' हें बँकांचें सॉफ्टवेअर इंग्लंडांतील एका व्यापारी नियतकालिकाच्या विक्री-तक्त्यांत २००२ सालापासून कांहीं वर्षें पहिलें आलें. ज्या परदेशी बँकांनीं कंपनीचें नांवही ऐकलें नसतें, त्यांच्यापुढें तें नांव त्या तक्त्यानें नेलें. दूरच्या आणि नवख्या मालाला बाजाराचें दार उघडून देणें, हें क्रमवारीचें खरें सत्कार्य होय.

अनर्थ होतो तो दार उघडणाऱ्यास घराचा कारभार सोंपविल्यानें. 'अमुक अहवालांत अग्रणी असलेलाच माल चालेल', अशी अट सरकारी आणि निमसरकारी निविदांत आढळते. १५ जून २०१७ च्या केंद्र सरकारच्या आदेशानें, पात्रतेच्या अटींमुळें लायक स्वदेशी पुरवठादार विनाकारण वगळले जाऊं नयेत, असें बजाविलें आहे. तथापि अशा अटीचा मोह सुटणें कठीण. कारण ती अधिकाऱ्याची ढाल असते. पहिल्या क्रमांकाचा माल घेऊन फसलेल्यास कोणी जाब विचारीत नाहीं. दहाव्या क्रमांकाचा घेऊन फसलेल्याची चौकशी होते. ढालीमागें अधिकारी सुरक्षित राहतो. नुकसान सोसतो तो सभासद.

आमचा बहुतेक जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेला आहे, आणि त्यांतून एक गोष्ट मनावर ठसली आहे: गुण विचारलेल्या प्रश्नांचे असतात. सिहोऱ्याकडील राईस मिलचा प्रश्न निराळा आहे. सरकारी धानाच्या भरडाईंत क्विंटलामागें ६७ किलो साधा तांदूळ परत द्यावा लागतो. मग कणी, कोंडा, तूस आणि बारदाना यांचा मेळ हें सॉफ्टवेअर घालील काय? सेवा सहकारी संस्थेच्या गटसचिवाचा प्रश्न आणखी निराळा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेंत तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास जी सवलत मिळते, ती एका दिवसाच्या चुकीनें गेली, तर वर्षभराच्या प्रामाणिकपणाचें फळ त्या शेतकऱ्याच्या हातून जाईल. परदेशांत आंखलेल्या कोणत्याही चौकोनांत या प्रश्नांस घर नाहीं.

म्हणून खरेदीदारानें आपल्या गरजांची यादी क्रमवारी उघडण्यापूर्वींच लिहून काढावी. मग क्रमवारीवरून पांच-सात नांवें गोळा करावीं, आणि प्रत्येक विक्रेत्याच्या गुणांखालीं ज्या सावधगिरीच्या सूचना छापलेल्या असतात, त्या आधीं वाचाव्या. आपल्याएवढ्याच संस्थेंत तें सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरणाऱ्या कारकुनास जाऊन भेटावें. त्याच्या वरिष्ठास भेटून भागणार नाहीं. आपल्याच वह्यांतला एक महिन्याचा हिशेब विक्रेत्यापुढें टाकून तो उतरवून घ्यावा. वीज किंवा तार तुटली तर काय, मराठींत पावती निघेल काय, आणि उद्यां दुसऱ्याकडे जावयाचें ठरलें तर आपल्या नोंदी आपणांस परत मिळतील काय, हें करारांत लिहून घ्यावें. जेथें निवड दूरच्या राजधानींत होते, तेथें तर गटसचिवाचें म्हणणें आधींच विचारणें अधिक अगत्याचें.

एवढें करूनही पहिल्या क्रमांकाचाच माल उत्तम ठरला, तर तो अवश्य घ्यावा. मत विकत मिळतें, आणि चांगलें मत पैसे देऊन घेण्यांत कमीपणाही नाहीं. पण निर्णयाचा जबाब सभासदांच्या सभेंत उभें राहून द्यावा लागतो, आणि त्या सभेंत मत देणारी संस्था हजर नसते.