कुपाटीसाठी देशी झुडपं: कोणतं काडीने जगतं, कोणतं नाही

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यात बांधावर काड्या रोवायचं काम निघतं. रोप विकत आणायला नको, मोठा खड्डा नको. शेजारच्या बांधावरची फांदी तोडायची आणि ओल्या मातीत खुपसायची, एवढंच. खर्च जवळजवळ नाहीच. पण ती काडी कोणत्या झाडाची आणि किती झाडांवरून आणलेली, यावर पुढचं सगळं ठरतं. काही कुपाट्यांत बुलबुल घरटी करतात, काही नुसत्या हिरव्या भिंती होऊन राहतात.

गेल्या काही वर्षांत बांधावरची जुनी कुपाटी मोडून काटेरी तार ओढायची पद्धत वाढली. तार जनावर अडवते हे खरं, पण तिच्यात शिंपी पक्षी पान शिवत नाही, तिच्याखाली तित्तिर अंडी घालत नाही. शेत आणि जंगल यांच्यामधली झुडपांची ओळ ही बारक्या जीवांची पायवाट असते. मुंगूस, ससा, सरडे, सातभाईंचा थवा हे सगळे उघड्या रानातून जायला कचरतात, झुडपाच्या आडोशाने जातात. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आणि त्याला लागून गोव्याचं म्हादई अभयारण्य आहे. तिथल्या गावांत तर बांधावरची कुपाटी म्हणजे जंगलाचाच शेतात आलेला पदर.

सहज फुटतं ते देशी असतंच असं नाही

काडीने झटपट लागणारी झाडं विचारली तर पहिली नावं येतात गिरिपुष्प, मोगली एरंड आणि शेर. तिन्ही बाहेरून आलेली. गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचं. त्याचा पाला हिरवळीच्या खतासाठी उत्तम, तेवढ्यासाठी लावायला हरकत नाही. मोगली एरंडही अमेरिका खंडातलाच, त्याच्या बिया विषारी. शेर आफ्रिकेतला, आणि त्याचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. कुंपण म्हणून तिन्ही चालतात, पण इथल्या पाखरांना त्यांच्या फळांचा उपयोग फारसा नाही.

घाणेरीची गोष्ट वेगळी. शोभेचं झाड म्हणून इंग्रजांच्या काळात आली आणि रान व्यापून बसली. बुलबुल तिची फळं आवडीने खातात, फुलांवर फुलपाखरं येतात, म्हणून काही जण ती मुद्दाम राखतात. पण तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही, गुरांना पाला बाधतो आणि पाखरंच तिचं बी लांबवर टाकतात. नवी घाणेरी लावण्यात अर्थ नाही. जुनी असेल तर ती एकदम उपटणंही बरं नव्हे, कारण आज तिच्यातच घरटी असतात. दहा-पंधरा फुटांचा तुकडा काढावा, तिथे देशी झुडपं लावावीत, ती वाढली की पुढचा तुकडा घ्यावा. दोन-तीन वर्षं जातील, जाऊ द्यावीत.

निर्गुडी आणि अडुळसा

नवशिक्याने या दोघांपासून सुरुवात करावी. दोन्ही इथली आहेत, दोन्ही काडीने लागतात आणि शेळ्या-गुरं दोन्हींना सहसा तोंड लावत नाहीत. तारेचं कुंपण नसताना रोप जगवायचं म्हटलं तर हा शेवटचा गुण फार मोठा. निर्गुडीच्या जांभळट तुऱ्यांवर मधमाश्यांची गर्दी असते. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर थंडीत मोठे काळे भुंगे येतात. वांग्याच्या फुलातला पराग सुटायला असेच गुणगुणणारे, फूल हलवणारे कीटक लागतात. त्यामुळे भाजीपाल्याच्या पट्ट्यात बांधावर अडुळसा असणं हे नुसतं पुण्याचं काम नाही.

काडी पेन्सिलीएवढी जाड, साधारण वीतभर लांब असावी. शेंड्याकडची हिरवी लवचीक फांदी कुजते, बुंध्याकडची जुनाट फांदी फुटायला आळस करते. मधली, अर्धवट जून झालेली घ्यावी. तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका घ्यावा, वरचा सरळ. असं केलं की कोणतं टोक खाली हे विसरत नाही. उलटी रोवलेली काडी बहुधा वाळून जाते, आणि गडबडीत हे चुकतं. खालची पानं काढून टाकावीत, वरची दोन अर्धी कापावीत. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. सकाळी तोडलेली काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावी आणि त्याच दिवशी लावावी.

पिशवीत लावायची तर माती आणि वाळू निम्मी-निम्मी घ्यावी. शेणखत घालायचंच तर पूर्ण कुजलेलं आणि थोडंच, कारण ताज्या शेणाने काडी सडते. जागा आंब्याच्या सावलीत किंवा शेडनेटखाली. कृषी सेवा केंद्रात मुळ्या फुटण्यासाठी 'आयबीए'ची पावडर मिळते. निर्गुडी-अडुळशाला तिची गरज नाही. धायटीसारख्या हट्टी झुडपाला तिचा उपयोग होतो.

एका गोष्टीने बरेच जण फसतात. आठ-दहा दिवसांत काडीला पालवी येते आणि वाटतं, जगली. ती पालवी काडीतल्या साठवलेल्या अन्नावर फुटलेली असते, खाली मुळी असेलच असं नाही. महिना-दीड महिन्याने काडी हळूच ओढून बघावी. विरोध जाणवला तर मुळी आली. पालवी बघून घाईने हलवलेली रोपं ऑगस्टच्या उघडिपीत मान टाकतात.

शंभर काड्या, पण किती झाडांच्या?

शंभर फूट लांब बांध, झुडपांच्या दोन ओळी, दोन फुटांवर एक झुडूप, म्हणजे साधारण शंभर रोपं लागतात. निम्म्या काड्या मरतील अशी तरतूद धरली तर दोनशे काड्या हव्यात. एका भरगच्च निर्गुडीवरून दोनशे काड्या सहज निघतात, आणि बहुतेक ठिकाणी तसंच केलं जातं. काम सोपं होतं, पण हिशेब इथेच चुकतो.

बियापासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं. काडीचं रोप मात्र मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. एकाच झाडाच्या शंभर प्रती लावल्या की ज्या रोगाला एक बळी पडतं त्याला सगळी बळी पडतात. फुलंही सगळ्यांना एकदमच येतात आणि एकदमच संपतात. मधमाशीला चार दिवस मेजवानी, मग उपास.

नर-मादी वेगळ्या असणाऱ्या झुडपांत तर सगळंच मुसळ केरात जातं. पांढरफळी हे त्याचं चांगलं उदाहरण. काटेरी, काटक, कोरड्या माळावरही तग धरणारं झुडूप. त्याच्या बारीक पांढऱ्या फळांवर बुलबुल तुटून पडतात. पण फळं फक्त मादी झुडपाला. नराच्या काड्या आणल्या तर कुपाटी दाट होईल, फळ एकही धरणार नाही. कुपाटीवर चढवायच्या गुळवेलीचंही तसंच. तिची लाल फळं मादी वेलालाच येतात, आणि काडी तर इतकी चिवट की झाडावर टांगून ठेवली तरी जगते. फळं लागलेली दिसतात त्या हंगामातच त्या झुडपाला सुतळी बांधून खूण करावी, म्हणजे पावसात काडी तोडताना अंदाज बांधावा लागत नाही. नुसत्या मादी लावूनही चालत नाही, थोड्या काड्या नराच्या हव्यातच.

दोनशे काड्या घ्यायच्या तर किमान दहा झुडपांवरून, प्रत्येकी वीस घ्याव्यात, तीही एकाच बांधावरची नकोत. एका ओळीत उभी असलेली झुडपं आधीच एकमेकांच्या प्रती असू शकतात. ओढ्याकाठची काही, माळावरची काही, शेजारच्या गावची काही अशी गोळा करावीत. मूळ झुडपाचीही फार छाटणी होत नाही.

काडीचा नाद सोडावा अशी झाडं

करवंद. कुपाटी म्हटली की करवंद हवंच: काटे आहेत, उन्हाळ्यात फळं आहेत, घरट्याला आडोसा आहे. पण त्याची काडी लागता लागत नाही. पावडर लावून, सावली करून थोड्या लागतात, मेहनत मात्र वाया जाते. पिकलेल्या फळाचं बी धुऊन लगेच पेरणं हा सोपा रस्ता. बी साठवून ठेवलं तर उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून मे-जूनमध्ये खाल्लेल्या करवंदांच्या बिया त्याच आठवड्यात मातीत जाव्यात. तरवड बियानेच करावा. कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटवे येतात, ते मुळीसकट अलग करावेत. त्याच्या पानांवर मॉरमॉन जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, तेव्हा पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारणी करू नये.

धायटी दोन्हींच्या मधली. तिच्या लाल फुलांत मध भरपूर. झाडं निष्पर्ण असतात त्या दिवसांत शिंजीर तिच्यावर येतात. काडी लागते, पण कमी लागते. लागणार त्याच्या तिप्पट लावाव्यात.

पाऊस पाहून पद्धत

कणकुंबी, जांबोटीकडे धो-धो पावसात काड्या कुजतात. तिथे उंच गादीवाफा करावा, पिशवीला जास्त भोकं पाडावीत. बेळगाव शहराच्या आसपास जून-जुलैत थेट बांधावर हातभर लांब काड्या रोवल्या तरी निर्गुडी लागते. अथणी, गोकाकच्या कोरड्या भागात थेट रोवणं जुगारच. तिथे पिशवीत रोप करून, एक पाऊस सांभाळून, दुसऱ्या मृगाला बांधावर न्यावं आणि पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा तरी पाणी घालावं.

शेतकऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. कुपाटीची सावली पडते, कडेच्या एक-दोन सरी मार खातात, दाट झाडीत साप येतात. सावलीवर उपाय म्हणजे वर्षाला एकदा कमरेएवढी छाटणी. तीच पुढच्या काड्यांची सोय. छाटणीआधी घरटं आहे का ते बघावं. बुलबुल उन्हाळ्यात घरटी करतात, वटवट्यासारखे बारके पक्षी पावसात. सापांसाठी घर-गोठ्यापासून कुपाटी लांब ठेवावी. डुकरं मात्र खाली मोकळ्या, बारीक खोडांच्या निर्गुडीपेक्षा घाणेरीच्या गच्च जाळीत जास्त दबा धरतात.

नर्सरीत विचारताना

राज्य बदललं की नाव बदलतं. निर्गुडीला कोकणात लिंगड म्हणतात. कर्नाटकातल्या नर्सरीत ती लक्की, बडोद्याकडे नगोड, हैदराबादेत वाविली, इंदूर-ग्वाल्हेरकडे निर्गुंडी किंवा सम्हालू. अडुळसा कन्नडमध्ये आडुसोगे, गुजरातीत अरडूसी, तेलुगूत अड्डसरम, हिंदीत अडूसा. करवंद कन्नडमध्ये कवळी, हिंदीत करौंदा. ही तिन्ही झुडपं या सगळ्या भागांत होतात, फक्त माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे पाऊस उशिरा लागतो म्हणून काड्याही उशिरा लावाव्यात.

काड्या आणायला अभयारण्यात शिरू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तिथून परवानगीशिवाय वनोपज नेणं गुन्हा आहे, आणि काडी त्यातच मोडते. राखीव जंगलालाही वनखात्याचे नियम आहेत. ओढ्याकाठ, गावरस्ते आणि ओळखीच्यांचे बांध एवढ्यात दहा झुडपं मिळून जातात. मालकाला विचारून तोडावं.