नाव, प्रवाह आणि पडद्यावरचा बाण

वैनगंगा चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या मधून वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, तिथून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. या काठांवरचा ढिवर नावाडी नावेचे तोंड समोरच्या घाटाकडे धरत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. भौतिकशास्त्र याला सदिशांची बेरीज म्हणते. ही बेरीज शाळेपर्यंत कशी आली, याचा मागोवा मी काही वर्षे घेतो आहे. मी शिक्षक नाही. जे शिकलो ते जुन्या पुस्तकांतून.

गॅलिलिओने १६३८ मध्ये फेकलेल्या वस्तूची गती दोन गतींत वेगळी करून दाखवली. न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त समांतरभुज चौकोनाचा नियम आला. हॅमिल्टनने १८४३ मध्ये क्वाटर्नियन शोधले आणि त्या कामातूनच ‘व्हेक्टर’ हा शब्द आजच्या अर्थाकडे वळला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणारा. मराठीने ‘सदिश’ म्हटले, म्हणजे दिशेसह असलेला. चाल अदिश, वेग सदिश, हा नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यातला फरक या एका शब्दात मावतो.

फळ्यावरचा बाण मात्र हलत नाही. ही अडचण ओळखली सेमूर पेपर्ट यांनी. १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात मुलांच्या आज्ञेने चालणारे कासव आले. त्यांच्या वर्तुळातल्या आंद्रेआ डिसेसा यांनी या कासवाला न्यूटनचे नियम लावले. वर जाणाऱ्या कासवाला उजवीकडे धक्का द्या, ते कुठे जाईल? शाळकरी मुलांना वाटले, सरळ उजवीकडे. प्रत्यक्षात ते तिरके गेले, कारण आधीचा वेग पुसला जात नाही. डिसेसांचा हा अभ्यास १९८२ चा. त्यात एमआयटीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचीही सुरुवातीची समजूत मुलांसारखीच निघाली.

पेपर्ट यांच्या विचारांतूनच घडलेला एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या वाडीच्या शाळेत आला. त्याआधी, २००२ मध्ये, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ प्रकल्प सुरू केला होता. त्याची सिम्युलेशन्स मोफत आहेत, त्यांतली अनेक मराठीत आहेत आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. जिथे पावसाळ्यात भामरागडसारखे तालुक्याचे गाव पुराने तुटते, तिथे ही शेवटची गोष्ट पहिल्या महत्त्वाची.

पडद्यावर काय उमगते? समजा, पात्र २४० मीटर रुंद आहे, प्रवाह सेकंदाला १ मीटर आणि नावेची स्थिर पाण्यातली चाल सेकंदाला २ मीटर. तोंड सरळ धरले तर १२० सेकंदांत पैलतीर येतो, पण १२० मीटर खाली. तोंड ३० अंश वर वळवले तर नाव नेमकी समोर लागते, मात्र सुमारे १३९ सेकंदांनी. आता तोंड सरळच ठेवून प्रवाह दुप्पट करा. वेळ तीच राहते, नाव मात्र दुप्पट खाली वाहते. हे सूत्राने पटायला तास लागतो. बाण बोटाने ओढला की क्षणात दिसते.

तरी पडद्यावरची नदी सोज्वळ असते. खऱ्या नदीत मधली धार जोराची आणि काठ संथ. पाऊस झाला, वरच्या धरणातून पाणी सुटले की वेग बदलतो. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि जीव गेले. तेव्हा पावसाळाही नव्हता. अशा काठावर वेगाचा धडा केवळ गुणांसाठी नसतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. आधी नावाड्याला वर्गात बोलवावे, मग पडदा लावावा. घरात माडिया, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलाला ‘सदिश’ हा शब्द परका असतो. वर तोंड धरण्याची रीत परकी नसते. ती रीत हेच भौतिकशास्त्र आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. सिम्युलेशनने नदीची जागा घेऊ नये. नदीवरचे शहाणपण मोजता येते, एवढे दाखवावे.